नववा प्रश्न

१

सोमवारी सकाळी साडेदहाला रेकॉर्ड रूमच्या मांडणीवर पहिला खोका नव्हता. दुसरा होता, तिसरा होता, थेट तिसावाही आपल्या जागी होता. पहिल्याच्या जागी धुळीत उमटलेला चौकोन तेवढा शिल्लक होता, आणि त्याच्यापुढे उभी राहून एक मुलगी रडत होती.

मला बोलावणं आलं मंगळवारी. एकतीस वर्षं मी परीक्षा मंडळात कॉपीची प्रकरणं तपासली. कोणत्या मुलानं कोणाचं बघून लिहिलं हे मी उत्तरपत्रिकेच्या वासावरून सांगते, अशी तिथे माझी ख्याती होती. ख्याती निम्मी खोटी असते, पण निवृत्त झाल्यावर तीच उपयोगी पडते.

संस्था तीन मजल्यांची, रेकॉर्ड रूम सगळ्यात वर, लिफ्ट पंधरा दिवसांपासून बंद. तिथे अभ्यास चालतो तो घरातून निघून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस एके दिवशी दार उघडून चालू लागतं. कधी सापडतं, कधी नाही. अशा बाराशे घरांत जाऊन, घरच्यांपुढे बसून, एकेक फॉर्म भरून आणलेला. खोक्यात चाळीस फायली, असे तीस खोके. बावीस वर्षांची मेहनत नाडीनं बांधून ठेवलेली होती.

रडणाऱ्या मुलीला सगळे 'शंका' म्हणत. तिचं प्रबंधाचं काम चालू होतं आणि दर दोन वाक्यांना तिला शंका यायची.

"मावशी, शुक्रवारी समिती बसतेय," नाक पुसत ती म्हणाली. "तोवर खोका मिळाला नाही तर माझं नावच कमी करणार. मुदत संपली माझी."

"एका खोक्यासाठी?"

"आमच्या संचालक मॅडमचा प्रश्न पहिल्यापासून एकच. ही माणसं जातात कुठे? उताराकडे की चढाकडे, पाण्याकडे की रस्त्याकडे, पायात चपला होत्या की नव्हत्या. मला विचारायचंय, निघतात कशासाठी? निघण्याआधी घरात काय झालेलं असतं? हा प्रश्न आता फॉर्मात नाहीच. पण या काकांनी सांगितलं, पहिल्या वर्षीच्या फॉर्मात तो छापलेला होता. नववा प्रश्न. पुढच्या वर्षी तो काढला, तरी काका घरोघरी विचारतच राहिले आणि फॉर्मच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं उत्तरं लिहीत राहिले. बावीस वर्षं!"

"मग अडलंय कुठे?"

"समिती म्हणते, हा प्रश्न संस्थेनं खरंच ठरवून विचारला होता याचा छापील कागद दाखव, मग मागच्या बाजू वापर. नाहीतर ती काकांची नुसती खरड. आणि छापील कागद फक्त पहिल्या खोक्यात."

खोलीच्या कोपऱ्यात काका बसले होते. वय पंचाहत्तरच्या आसपास. उभी हयात घरोघर फिरण्यात गेली आणि आता गुडघ्यांनी संप पुकारलेला, म्हणून त्यांना रेकॉर्ड रूम दिलेली. उजवा पाय लांब करून, टॉवेल घातलेल्या कसल्याशा उंचवट्यावर ठेवला होता. मला पाहून त्यांनी एक बुटकं लाकडी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा ताई. आमच्याकडे खुर्च्या कमी आणि कागद जास्त."

मी बसले तर माझे गुडघे हनुवटीला लागले.

किल्ल्या तिघांकडे होत्या: मॅडम, आकड्यांचं काम बघणारे गृहस्थ आणि काका. खोका शुक्रवारी संध्याकाळी शंकानं स्वतः पाहिला होता. खालच्या चौकीदाराला मी विचारलं, तर त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "बाई, शुक्रवारपासून डब्याच्या पिशवीपेक्षा मोठं काही माझ्यासमोरून गेलं असेल तर ही नोकरी सोडतो."

म्हणजे खोका इमारतीतच होता. आणि तो इमारतीत कुठेच नव्हता.

२

आकडेवाले गृहस्थ 'दशांश' म्हणून ओळखले जात. गुळगुळीत दाढी, तोंडात पेनाचं टोपण आणि प्रत्येक वाक्यात 'बेसिकली'. माझा जावई तंतोतंत असाच बोलतो. माझी मुलगी तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही, आणि ते कोणामुळे हे मी लग्नाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे दशांशांनी तोंड उघडलं आणि माझा तपास पूर्ण झाला. आता फक्त पुरावा हवा होता.

"बेसिकली, कागद हवेत कशाला?" ते म्हणाले. "सगळं संगणकात चढवलंय. तीस प्रश्न, तीस रकाने. आजवर एक आकडा इकडचा तिकडे झालेला नाही."

"मुलीचा विषय मान्य झाला, तर तुमच्या रकान्यांना कोण विचारणार?"

"त्या विषयात मोजणार काय? घरात काय बोलणं झालं, हे काय फूटपट्टीनं मोजायचं?" ते हसले.

मोटिव्ह झाला, किल्ली झाली. मी त्यांचं कपाट उघडायला लावलं. त्यात बिस्किटांचे चार पुडे आणि बायकोपासून लपवून घेतलेले महागडे बूट निघाले. बिचाऱ्यांचा चेहरा बघवेना. पूर्ण मंगळवार आणि अर्धा बुधवार मी त्या माणसामागे हात धुऊन लागले होते.

मग जेवताना घास हातातच राहिला. 'तीस प्रश्न' म्हणाले ते. पहिल्या वर्षीच्या फॉर्मात तर नववा धरून एकतीस असायला हवेत. मी परत जाऊन विचारलं, "पहिल्या खोक्यात वेगळं काय आहे?"

"वेगळं? काहीच नाही. बेसिकली तेच फॉर्म."

"आणि मागची बाजू?"

"कोरी असते ना?"

खोक्यात काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो खोका चोरेल कशाला? मी 'कोणी नेला' हे आधी ठरवलं आणि मग त्याला साजेसे प्रश्न विचारत बसले. परीक्षा मंडळात एखाद्या नवख्यानं असं केलं असतं तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं. मी वहीतला 'कोणी' खोडला आणि खाली लिहिलं, 'कशासाठी'.

आकड्यांसाठी नव्हे, कारण आकडे संगणकात आहेत. म्हणजे चोराला हवा होता तो नववा प्रश्न. आणि तो प्रश्न फॉर्ममधून एकदा आधीही कोणीतरी गायब केला होता.

३

मॅडम एकसष्ट वर्षांच्या. पुढच्या महिन्यात निवृत्त होणार. टेबलावर एकही कागद तिरका नव्हता. मी हल्लीचा कोरा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

"नववा प्रश्न का काढला?"

"जागा पुरत नव्हती."

मी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. तिसाव्या प्रश्नाखाली चार बोटं जागा मोकळी होती. मॅडमनी फॉर्म जवळ ओढला.

"एवढ्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नाही," त्या म्हणाल्या.

"कोणी बघितलं नसेल."

"माझी आई अशीच गेली," त्यांनी सरळ सांगून टाकलं. "बावीस वर्षांपूर्वी. त्या दुपारी तिनं मला एकच गोष्ट पन्नासदा विचारली. मी दमले होते. ओरडले तिच्यावर. जा बाई, जिथं जायचंय तिथं जा. असं म्हणाले मी, आणि कामावर निघून गेले. संध्याकाळी घरी आले तर आई नव्हती."

"सापडल्या?"

"तिसऱ्या दिवशी. कालव्यात. पूर्वी पायपूल होता तिथल्या काठाशी. घरापासून तिथवर सगळा उतार आहे. मला वाटलं, उतार आणि पाणी. अशी माणसं उतारानं पाण्याकडे ओढली जात असतील. हे सिद्ध झालं असतं, तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

"तर आई ओरडण्यामुळे गेली नाही, असं तुम्हाला म्हणता आलं असतं," मी म्हटलं.

"लोक म्हणतात, काय हो तुमची चिकाटी, एका प्रश्नावर आयुष्य घातलंत. चिकाटी कसली! दुसऱ्या प्रश्नाची भीती होती. पहिल्या वर्षी सहकाऱ्यांनी आग्रहानं नववा प्रश्न घातला. मी वर्षभर कळ काढली आणि छपाईच्या वेळी तो उडवला. पहिली फाइल आमच्याच घरची. बाबांनी सांगितलं, काकांनी लिहिलं. मी ती आजवर उघडलेली नाही. आत काय असणार ते मला ठाऊक आहे."

"बाबा?"

"पुढच्याच वर्षी गेले."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मॅडमनी डोळे पुसले नाहीत, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"प्रश्न मी चोरला," त्या म्हणाल्या. "आई गेली तेव्हापासून एकही दिवस असा गेला नाही की मला ते आठवलं नाही. पण खोका मी नेलेला नाही. त्या पोरीचं नुकसान मी कशाला करू?"

माझा त्यांच्यावर विश्वास बसला, आणि म्हणून माझ्याकडे चोरच उरला नाही.

४

गुरुवारी मी पुन्हा काकांसमोर त्या बुटक्या स्टुलावर बसले. संशय घ्यायला त्यांच्यात जागाच नव्हती. मांडणीवरचा जड खोका घेऊन सगळे जिने उतरणं या गुडघ्यांना जमणारं नव्हतं, आणि मागच्या बाजू वाचल्या गेल्या तर आनंद व्हावा असा माणूस जगात हाच एक होता.

"काका, प्रश्न काढला तरी तुम्ही विचारत का राहिलात?"

"ताई, फॉर्म संपला की मी पेन खिशाला लावायचो. लोकांना वाटायचं, झालं याचं. मग ती खरं बोलायला लागायची. कोणी म्हणायचं, भाजी कोणती करू विचारायला आली होती हो. कोणी म्हणायचं, मी टीव्ही बंद केला नाही. तेवढं ऐकून तसंच उठायचं का? मी पेन्सिल काढून मागे लिहायचो. मागच्या बाजूला कोणी रकाना आखलेला नसतो."

"आता ते वाचायला कोणी आलंय, आणि नेमका खोकाच नाही."

"हं," काका म्हणाले, आणि पायाखालचा टॉवेल सारखा करत बसले.

तिकडे शंका खोके उतरवून पुन्हा पुन्हा बघत होती. "काका, या नाड्यांना गाठच बसत नाहीये. दमट हवेनं कागद फुगलेत वाटतं."

"जुने कागद, पोरी. फुगायचेच."

मी उठले तर कंबर धरली होती. जिन्याजवळ शंकाला म्हटलं, "ते स्टूल कोणा लहान मुलाचं आहे का गं? माझं कंबरडं मोडलं."

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली असावी. "मावशी, ते बसायचं नाहीच. काकांचं पाय ठेवायचं स्टूल आहे. रेकॉर्ड रूममध्ये आल्यापासून त्याच्यावरच पाय असतो त्यांचा."

मी अर्ध्या जिन्यात थांबले.

"मग आता त्यांचा पाय कशावर आहे?"

५

मी परत गेले आणि काकांना काही न विचारता म्हटलं, "पाय जरा खाली घेता का?"

त्यांनी घेतला. टॉवेल काढला. खाली उपडा घातलेला एक रिकामा खोका होता. उलटा केला तर त्यावर एकचा आकडा.

"आपण सगळे खोका शोधत होतो," मी म्हटलं. "फायली कोणी शोधल्याच नाहीत. नाड्या हवेनं आखूड होत नसतात. एकोणतीस खोक्यांत एकेक-दोनदोन फायली जास्त घुसवल्यात. मोज."

शंका खाली बसून मोजू लागली. काकांनी शनिवारी, कोणी नसताना, मांडणीजवळ उभ्या उभ्या हे काम केलं होतं. त्याला जिना उतरायची गरज नव्हती. चाळीस फायली गेल्या की लक्ष चाळीसांवर जातं. एकच गेली असती तर सगळ्यांनी त्याच फायलीबद्दल विचारलं असतं.

दीड तासानं शंकानं मान वर केली. "जास्तीच्या एकोणचाळीस."

"एक नंबरची नाही," मी म्हटलं. "हो ना काका?"

खुर्चीला अडकवलेल्या डब्याच्या पिशवीतून त्यांनी एक पिवळी पडलेली फाइल काढली. रोज त्यांच्याबरोबर घरी जात होती, रोज परत येत होती. चौकीदाराची नोकरी शाबूत होती.

"पोरीला नवव्या प्रश्नाचं मीच सांगितलं," काका म्हणाले. "कौतुक करत होती माझ्या खरडीचं, म्हातारा खुलला. तोंडातून गेलं आणि मग ही फाइल आठवली. पोरगी खोका उघडणार, एक नंबरपासून वाचणार, आणि मॅडमना जाऊन विचारणार. शंकाच ती. गप्प बसणार आहे का?"

"पोरीचं नाव कमी होणार होतं, काका."

"तेही कळत होतं. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही ताई. पण मॅडमच्या बाबांना शब्द दिलाय मी. हात धरून म्हणाले होते, माझ्या मुलीला हे कळू देऊ नका, ती जगायची नाही."

"मॅडमना ते माहीत आहे," मी म्हटलं. "त्या आईवर ओरडल्या, ते."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी चुकीचं बोलले होते.

"ओरडल्याचं?" ते म्हणाले. "ते नाही हो. ते कोण कशाला लपवेल?"

६

शुक्रवारी नऊ वाजता मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं होतो. समितीला दोन तास अवकाश होता. फाइल टेबलावर होती आणि मॅडम तिला हात लावत नव्हत्या.

"काका, तुम्हीच वाचा," त्या शेवटी म्हणाल्या. "अक्षर तुमचं आहे."

काकांनी चष्मा लावला, फॉर्म उलटा केला. पेन्सिल पुसट झाली होती, पण त्यांना फारसं बघावं लागलं नाही.

"दुपारी मुलगी तिच्यावर ओरडली. ही हसली. दोन मिनिटांत विसरली, नेहमीसारखी. मग झोपली. उठून केस विंचरले, तोंड धुतलं, छत्री घेतली. मी विचारलं, कुठे निघालीस? म्हणाली, पोरीला शाळेतून आणते. मी म्हटलं, बरं, जाऊन ये. रोजच असं म्हणायची, कोपऱ्यावरून परत यायची. म्हणून मी उठलो नाही."

काका थांबले. मग खालची ओळ वाचली. "आपल्याला आणायला निघाली आणि त्यात गेली, हे मुलीला कळू देऊ नका."

पोरगी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती.

मॅडमचा आवाज फुटला तो अगदी लहान. "पायपूल," त्या म्हणाल्या. "मी त्याच पुलावरून शाळेत जायचे. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की पूल पाडला."

उतार, पाणी, चपला. तीस प्रश्न, बाराशे घरं. बापानं लेकीला वाचवायला एक गोष्ट लपवली, लेकीनं स्वतःला वाचवायला विचारायचंच टाळलं, आणि दोघांच्या मध्ये तो कागद बावीस वर्षं उपडा पडून राहिला. एकदा कोणी पान उलटलं असतं तर एवढं तरी कळलं असतं, की आई रागानं गेली नव्हती. माझ्या मुलीला मी 'कोणामुळे' हे हजारदा ऐकवलंय, 'कशासाठी' एकदाही विचारलेलं नाही.

"चुकलो मॅडम," काका म्हणाले. ते रडत होते. "मला वाटलं, तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. तुम्ही स्वतःला काय लावून घेतलंय, ते मी कधी विचारलंच नाही. जगभर विचारत हिंडलो."

मॅडमनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग परत जागेवर बसल्या, एक कोरा फॉर्म ओढला, तळाच्या चार बोटं मोकळ्या जागेत स्वतःच्या हातानं नववा प्रश्न लिहिला आणि तो शंकापुढे सरकवला.

"जुना छापील कागद समितीला दाखव. आणि हाही दाखव. पहिल्या घरात दोन माणसं होती, विचारलं एकालाच. आता मला विचार."

शंकानं हात मागे घेतला. "मॅडम, आज नको."

"आजच. अकराला समिती आहे."

शंकानं पेन उचललं, मग ठेवून दिलं आणि काकांच्या खिशातली पेन्सिल घेतली. "निघण्याआधी घरात काय बोलणं झालं?"

मॅडमनी सगळं सांगितलं. ओरडल्याचं, दाराचं, आईनं पन्नासदा काय विचारलं होतं त्याचंही. आई विचारत होती, शाळा किती वाजता सुटते? मॅडमना तेव्हा वाटलं होतं, ही असंच काहीतरी बरळतेय. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

शंका लिहीत राहिली. लिहून झाल्यावर मॅडमनी जुनी फाइल जवळ घेतली आणि पहिल्यांदाच स्वतः उघडली. समोरच्या बाजूला, चौथ्या प्रश्नापुढे, काकांच्या शाईच्या अक्षरात घरातून निघण्याची वेळ होती. साडेचार.

त्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"शाळा पाचला सुटायची," मॅडम म्हणाल्या. "तिला आठवत होतं. वेळेवर निघाली होती आई."